व्हॉल्व्ह तापेपर्यंत

"दहा मिनिटं थांबायचं. अ‍ॅम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह तापू देत," अनंत परब म्हणाले, आणि त्यांचे जुने मित्र दादूकाका खुर्चीत बसले.

बाबांच्या या दहा मिनिटांना आज काहीच अर्थ नव्हता, आणि ते त्यांच्या मुलीला, हेमांगीला एकटीलाच ठाऊक होतं.

गुरुवारी बाबा दवाखान्यात गेले असताना तिने गाणं लावलं आणि मध्येच आवाज गेला. व्हॉल्व्हच्या काचेच्या नळ्या नेहमीसारख्या लालसर पेटलेल्या, भोंगे मात्र मुके. अ‍ॅम्प्लिफायर उघडायची सोय नव्हती. बाबांनी त्याच्या स्क्रूंवर लाख ओतून ठेवली होती. तो चाळीस वर्षांपूर्वी दादूकाकांनी स्वतः बांधलेला. आता त्यांच्या थरथरत्या हातांत चहाचा कपही ठरत नव्हता, ते दुरुस्ती कुठली करणार! आणि बाबा तर दर रविवारी दादूकाकांसमोर बजावायचे, "हा बंद पडला की भोंगे भंगारात. ट्रान्झिस्टरवर चालणारा डबा मी घरात घेणार नाही."

बंद पडलेल्या थिएटरातून आणलेले ते पुरुषभर उंचीचे भोंगे. घाटकोपरच्या दोन खोल्यांत माणसंच त्यांना वळसा घालून चालायची. पण बाबा या रविवारच्या बैठकीवर आठवडा काढायचे. ती मोडली तर बाबाही मोडतील, या भीतीने हेमांगीने तळहाताएवढा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर बांधला, उजव्या भोंग्याच्या खोक्यात दडवला आणि वायरी तिकडे वळवल्या.

दहा मिनिटं झाली. रिवाजाप्रमाणे बाबांनी आधी भोंग्याला कान लावला. हे भोंगे मोठे चहाडखोर. अ‍ॅम्प्लिफायरची बारीक सळसळसुद्धा लपवत नाहीत. आज बाबा जरा जास्तच वेळ वाकून राहिले. हेमांगीने श्वास रोखला.

"ठीक," ते म्हणाले.

सनई सुरू झाली. आणि काय सुरू झाली! वादकाने फुंकण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा खोलीत आला. हेमांगी आपली चोरी विसरली. कुठला तो जुनापुराणा पत्रा आणि कुठली ती परवाची चिप, पण दोघांचं असं जमलं होतं की ऐकतच राहावं.

दादूकाकांचे डोळे भरून आले. "अनंता, अजून वाजतोय रे माझा डबा!"

"मग? तुझ्या हातचा आहे तो. ट्रान्झिस्टरची काय बिशाद!"

हेमांगीने सुटकेचा निःश्वास टाकला.

दादूकाकांना रिक्षात बसवून बाबा परत आले. त्यांनी दार लावलं आणि उजव्या भोंग्याच्या खोक्यावर हलकेच थाप मारली.

"दादूच्या डब्यात बारा वर्षांपूर्वी मी बसवलेला ट्रान्झिस्टर जरा सळसळायचा," ते म्हणाले. "तुझा अगदी शांत आहे गं. फक्त दादूला कळू देऊ नकोस."