पांढऱ्या पळसाचा कौल

“हात ढिला सोड,” जाहिदा म्हणाली. “अन् पुन्हा एक फोडली काऊन? दर पुनवेले फोडते तू! बांगड्या घालून गोटे फोडते का काय?”

“लाकडं आणताना फुटली,” बुधरी म्हणाली. तिनं जाहिदाकडे पाहिलंच नाही.

चार वर्षं हेच चाललं होतं. दर पुनवेच्या बाजाराला अहेरीची जाहिदा बांगड्यांची पेटी घेऊन एसटीनं यायची, अन् बुधरीच्या हातात नेमकी एक बांगडी कमी असायची. मनगटावर मात्र कधी साधा ओरखडा नाही! नशीबवान बाई, दुसरं काय. हात इतका मऊ, की लहान मापाची बांगडीही सुळकन चढायची. हिरवी, दोन सोनेरी ठिपक्यांची बांगडी जाहिदा फक्त तिच्यासाठीच आणायची. दुसऱ्या कुणी मागितली तर संपली म्हणून सांगायची. बांगडी भरून झाल्यावर तिला हात सोडायला अंमळ उशीर व्हायचा, अन् बुधरीही तो मागे घ्यायची नाही. याच्या पुढे दोघी कधी गेल्या नव्हत्या.

आज हा हात शेवटचा धरायचा होता.

बुधरी आज चाळीस गावांच्या गादीवर बसणार होती. रीत अशी, की गादीवरच्या बाईचा हात तिच्या जोडीदाराशिवाय कुणी धरायचा नाही. जोडीदाराचा कौल द्यायचा पांढऱ्या पळसानं. जिथं मन जडलं, त्या माणसाची वस्तू पोटल्यात बांधून झाडाच्या बुंध्याशी ठेवायची. मन खोटं असलं तर झाडाला फूल येत नाही, अन् गादीही जाते. नदीपल्याडच्या पत्रूभाऊंनी आपल्या पोराचं, दसरूचं चांदीचं कडं चार दिवस आधीच पाठवलं होतं. ते नाकारलं तर पल्याडची वीस गावं तुटणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“पोटलं बांधलं?” जाहिदानं विचारलं.

“बांधाचं ते बांधलं.”

“दसरू भला माणूस आहे.”

“आहे नं. मी कुठी नाई म्हणून राह्यली?”

जाहिदानं शेवटची बांगडी चढवली अन् या वेळी हात झटकन सोडला.

पळस फुलायला अजून तीन महिने होते. चाळीस गावांसमोर बुधरीनं पोटलं बुंध्याशी ठेवलं अन् हात जोडले. सगळं रान गप्प झालं, पाखरंसुद्धा. मग शेंड्याला एक कळी फुटली. मग दुसरी. बघता बघता फांदीन् फांदी पांढरीशुभ्र झाली, पाकळ्या माणसांच्या डोक्यांवर पडू लागल्या. म्हाताऱ्या रडत रडत जमिनीला टेकल्या.

“या अल्लाह!” जाहिदाच्या तोंडून निघून गेलं. असलं काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. मग तिला कळलं. झाड खोटं बोलत नाही. बुधरीचं दसरूवर खरंच मन होतं. तिनं डोळे पुसले, पेटी उचलली अन् चपला घातल्या.

“दसरूचा कौल लागला!” पल्याडची माणसं नाचू लागली. पत्रूभाऊ छाती फुगवून पुढे झाले. रीतीप्रमाणे कडं सगळ्यांना दाखवायला त्यांनी पोटल्याची गाठ सोडली.

आत कडं नव्हतं. दोन सोनेरी ठिपक्यांच्या हिरव्या बांगड्या होत्या, चार वर्षांच्या, अन् त्यातली एकही फुटलेली नव्हती.