मिठाचा अंदाज

चाळीस वर्षांत रुपराव जेवणाला नाव न ठेवता ताटावरून कधी उठले नाहीत. कधी मीठ कमी, कधी फोडणी करपलेली. मुलगी मेघा चिडायची, "बाबा, एकदा तरी चांगलं झालं म्हना नं!"

"चांगलं होऊ तं दे पयले!" म्हणत ते मिशीतल्या मिशीत हसायचे. सगळे पोटभर जेवून उठायचे. रांधणाऱ्या त्यांच्या बायकोची, गोपिकाबाईंची, मात्र त्या एका शब्दाची भूक तशीच राहायची.

आज रुपरावांना दवाखान्यातून वाडीच्या घरी आणल्यावर गोपिकाबाईंनी त्यांच्यासाठी तुरीचं वरण केलं, अगदी पातळ, दोनदा गाळून. देता देता सवयीने विचारून गेल्या, "अवो, मीठ बरोबर हाय का?"

रुपरावांना बोलता येत नव्हतं. त्यांनी हाताची दोन बोटं जुळवली आणि डोळे मिटून 'झकास' अशी खूण केली. गोपिकाबाई कितीतरी वेळ त्या बोटांकडे बघत राहिल्या.



वरणाचा शेवटचा थेंब रुपरावांच्या नाकातल्या नळीतून खाली उतरला. जिभेपर्यंत त्यातलं काहीच पोचलं नव्हतं.