साक्षीदाराचं उत्तर

पडद्यावरचा मुलगा तिसऱ्यांदा भिंतीवर आपटला.

"डावीकडे, आपा. डावा बाण दाब," आसिम म्हणाला.

"लय धडपडते रे हा पोरगा. तुयावर गेला वाटते." त्याची मोठी बहीण जेबा हसली. तिनं सासरी कधी लॅपटॉपला हात लावला नव्हता. एका बोटानं ती एकेक बटण शोधत होती.

पुसदला अब्बांच्या गॅरेजवरच्या खोलीत बसून आसिमनं हा गेम एकट्यानं बनवला होता. कंपनी नाही, टीम नाही. दिवसा मोटरसायकली उघडायच्या आणि उरलेल्या वेळात गेम, असं अडीच वर्षं चाललं. गेममध्ये मारामारी नव्हती, शर्यत नव्हती. एका घरातलं लग्न, एवढीच गोष्ट. खेळणारा नवरीचा भाऊ होतो, घरभर फिरतो, माणसांशी बोलतो आणि शेवटी त्याला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. नेटवर ओळख झालेल्या अकरा जणांनी तो खेळून पाहिला होता. आपण रडलो, असं त्यातल्या तिघांनी कळवलं होतं. ते मेसेज आसिम अधूनमधून काढून वाचायचा. पण आपानं खेळल्याशिवाय गेम बाहेर काढायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं. ती मुकुटबनहून चार दिवस माहेरी आली आणि पहिल्याच दुपारी त्यानं लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला.

मुलगा एकदाचा दारातून आत गेला. आत एक नवरी मेंदीचे हात मांडीवर ठेवून बसली होती. जेबाचं हसू थांबलं. ती पडद्याजवळ सरकली.

"खिडकीचे हिरवे गजही तसेच काढले तू," ती म्हणाली. "हे आपलं घर हाये. आन् हे मी हाये."

आसिमनं मान खाली घातली.

निकाहाआधी नवरीच्या वतीनं बोलणारा वकील आणि दोन साक्षीदार तिच्यापाशी येतात. कबूल आहे का, असं तिला विचारतात आणि तिचं उत्तर बाहेर काझींना सांगतात. जेबाच्या निकाहाच्या दिवशी वकील होते मामू, कानानं अधू. दुसरा साक्षीदार बायकांच्या गर्दीत दाराशीच अडकला. जेबाच्या सगळ्यात जवळ उभा होता पहिला साक्षीदार, एकवीस वर्षांचा आसिम, नव्याकोऱ्या शेरवानीत. मामूंनी तीनदा विचारलं. जेबा तिन्ही वेळा गप्प राहिली आणि भावाकडे बघत राहिली. नागपूरच्या नर्सिंग कॉलेजचं पत्र तिनं घरात एकट्या आसिमलाच दाखवलं होतं. बाहेर काझींनी नीट खोदून विचारलं, मुलगी स्वतःच्या तोंडानं बोलली ना? मामूंनी आसिमकडे पाहिलं. बारात येऊन बसली होती, बिर्याणीच्या डेगा उतरल्या होत्या, अब्बा पाहुण्यांपुढे हात जोडून उभे होते. आसिम म्हणाला, "ती हो म्हणाली." सहीचा कागद आत पोहोचला तेव्हा बाहेर गळाभेटी सुरू झाल्या होत्या. जेबानं सही केली.

खोटं बोलायला तीन शब्द पुरले. पश्चात्तापाला मात्र अडीच वर्षं आणि एक सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड लागलं.

गेममधला मुलगा खोलीबाहेर आला. समोर काझी बसले होते. मुलगी काय म्हणाली, त्यांनी विचारलं. खाली दोन चौकोन उजळले. एकात लिहिलं होतं, ‘ती हो म्हणाली.’ दुसऱ्यात, ‘ती काहीच बोलली नाही.’

अकराच्या अकरा जणांनी दुसरा चौकोन दाबला होता. त्याच्यापुढच्या गोष्टीत आसिमनं जीव ओतला होता. बारात परत जाते. अब्बा वर्षभर बोलत नाहीत. मग बहीण नागपूरला जाते, नर्स होते, पांढऱ्या बुटांत वॉर्डभर फिरते. नुसतं ते हॉस्पिटल पडद्यावर काढायला त्याला आठ महिने लागले. खऱ्या जेबाकडे मुकुटबनला शेजारच्या बायका औषधांच्या पट्ट्या वाचून घ्यायला येतात. तिचा नवरा, माणूस तसा वाईट नाही, तिला गमतीनं सिस्टर म्हणतो. हे आसिमला ठाऊक होतं आणि ते आठवलं की त्याला स्वतःची लाज वाटायची. आपानं दुसरा चौकोन दाबावा, ते हॉस्पिटल पाहावं आणि आपल्याला माफ करावं, एवढ्यासाठी त्यानं हा सगळा खटाटोप केला होता.

जेबानं दोन्ही वाक्यं वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग पहिला चौकोन दाबला.

पडदा काळा झाला. ती वाट पाहत राहिली.

"बंद पडला काय रे?"

"नाही आपा, तू चुकीचं दाबलं. मांगं जाय अन् दुसरं दाब. पुढं लय मोठं हाये, तू पाह्य तं."

"मले हेच पाह्यचं हाये. हो म्हणल्यावर पुढं काय झालं तिचं?"

"ते बनवलंच नाही," तो म्हणाला. "कोणी ते दाबीन, असं वाटलंच नाही मले. तिथं काहीच नाही, आपा."

जेबानं लॅपटॉप हळूच त्याच्याकडे सरकवला.

"काहीच नाही कसं? सहा वर्षं झाले, मी तिथंच राहून राह्यली."