तात्यांचा सतरावा तारा

“कुणी खरं मानणार नाही, पण आमच्या अंगणात एकदा आख्खा तारा पडला होता. त्याचीच जरतार काढून मी पैठणी विणली!” पैठणच्या घाटावर, वैशाखातल्या पहाटे, जनूतात्या साळी फुशारकी मारत होते.

शेजारी बसलेली सून वत्सला हसली नाही. परवा तात्यांनी विणलेल्या पदरावर मोराला तीन पाय निघाले होते. “तुमची नजर गेली, तात्या. आता मागावर मी बसते,” असं ती म्हणाली, तेव्हा तात्या उसळले होते. उल्कावर्षावाची पैज त्यांनीच लावली. ज्याचे तारे जास्त, त्याचा माग.

वत्सला अकरावर थांबली होती.

“तो बघ, सोळावा! गोदावरीत पडला. चर्र झालं, ऐकलंस?”

“नाही.”

“म्हणजे तुझे कान गेले! अगं, साठ वर्षं केसाएवढे धागे जोडलेत या डोळ्यांनी. मला मागावरून उठवणारी अजून जन्माला यायचीय. हा बघ, सतरावा! केवढी शेपटी!”

आता मात्र वत्सलानं सांगूनच टाकलं, “तात्या, आभाळ मघाशीच ढगांनी भरलंय. एकही तारा दिसत नाहीये.”