आतला पत्ता

"पोरीची शपथ घेऊन सांगतो साहेब, तो मेल मी नाही पाठवला," म्हणत खोतांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

रविवारी साहेबांना जिवे मारण्याची धमकी आली होती. सर्व्हर सांभाळणाऱ्या शर्वरीने पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता काढला, तर तो ऑफिसच्याच नेटवर्कमधला निघाला. त्या रविवारी ऑफिसात एकटे खोत होते. "मशीन कशाला खोटं बोलेल?" ती म्हणाली.

आठवड्याच्या आत खोतांनी जीव दिला.

त्यांच्या मुलीचा कॅनडातून मेल आला. 'बाबांचं एकदा तरी ऐकून घ्यायचं होतं तुम्ही.' शर्वरीने सवयीने पत्ता पाहिला. तोच होता. तिने दुबईच्या गिऱ्हाइकाचा मेल उघडला, मग पुण्याचा. सगळ्यांवर तोच.

तो लोड बॅलन्सरचा, म्हणजे सर्व्हरवरचा भार वाटून देणाऱ्या मशीनचा, पत्ता होता. महिन्यापूर्वी तिनेच ते मशीन सर्व्हरपुढे बसवलं होतं. बाहेरचा प्रत्येक मेल त्यातूनच आत येई, आणि मूळ पत्ता जपायची सेटिंग चालू करायची राहून गेल्यामुळे सगळ्यांवर मशीनचाच पत्ता उमटे.

"काही प्रॉब्लेम आहे का गं?" साहेबांनी केबिनमधून विचारलं.

"नाही साहेब," म्हणत तिने सेटिंग चालू केली.