उजव्या हाताचा मोजा

सहलीच्या सूचनापत्राचा हा सातवा मसुदा होता आणि धारपबाई आता कंटाळून गेल्या होत्या. सहलीतल्या ज्वालामुखीचं काही अडत नव्हतं. त्याच्या काळ्या दगडांवर हजार मुलं नाचली तरी चालणार होतं. अडत होतं ते शेजारच्या हिमनदीपाशी. जगात उरलेली ती शेवटची, म्हणून जवळ जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगाची ऊब मोजली जाई. शाळेला चोवीस मुलं आणि दोन शिक्षक यांच्यापुरती ऊब मंजूर झाली होती, तीही जाड कपड्यांत गुंडाळलेली.

"बर्फाला हात लावायचा नाही, हे ठळक लिहू ना, बाई?" हर्षदसरांनी विचारलं. ते बाईंचेच जुने विद्यार्थी.

"मग एवढ्या लांब जाऊन करायचं काय? फळ्यावरची हिमनदी मी चौतीस वर्षं दाखवतेच आहे."

लहानपणी हिमालयात वडिलांची नजर चुकवून बाईंनी बर्फाचा तुकडा तोंडात टाकला होता. दातांतला तो ठणका त्यांना अजून आठवत होता. ती हिमनदी मात्र केव्हाच वाहून गेली होती.

बाईंनी बराच वेळ आकडेमोड केली. मग हिमनदीपाशी जाणाऱ्यांच्या यादीतलं स्वतःचं नाव खोडलं आणि सूचनांत लिहिलं, 'प्रत्येक मुलाने उजव्या हाताचा मोजा एक मिनिट काढावा.'

"माझ्या वाटची ऊब चोवीस तळहातांना पुरते," त्या म्हणाल्या.

"पण बाई, निवृत्तीआधी तुम्हाला एकदा..."

"मी ज्वालामुखीपाशी बसेन. तिथले दगड गरम असतात रे. गुडघ्यांना बरं."