या, बसा

सोफा काढला आणि हॉलमध्ये गाद्या, लोड अन् एक बीन बॅग मांडली. खोली कशी ऐसपैस झाली. आम्ही दोघं खूश.

आमच्या ह्यांना सवय, दारात कोणीही येवो, "या, बसा" म्हणायचं. आज कुरियरवाल्यालाही म्हणाले. तो हसून दारातूनच परत गेला.

ह्यांनी दार लावलं आणि बीन बॅगेतले दाणे करकरले. तिच्यात माणूस मावेल एवढा खळगा पडला होता.

मला भीती वाटली नाही. उलट घर भरल्यासारखं वाटलं.

"चहा टाकते," मी गादीवरूनच म्हटलं. "पाहुणा एकटाच दिसतोय."

"पण मी 'बस' नाही, 'बसा' म्हणालो होतो," हे हळूच म्हणाले.

एकेक करत गाद्या दबत गेल्या. शेवटची, माझ्या शेजारची.